मे महिना कुणाचा? सुट्टीतल्या शिक्षणाची दीडशे वर्षे

एप्रिल सुरू झाला, की शहरांत सकाळच्या वर्तमानपत्रातून रंगीत पत्रके खाली पडू लागतात. हस्ताक्षर सुधारणा, वैदिक गणित, अ‍ॅबॅकस, नाट्यप्रशिक्षण, रोबोटिक्स, घोडेस्वारी आणि या सगळ्यांची मोट बांधलेले एखादे 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर'. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात शुल्क असते आणि ठळक अक्षरात 'मर्यादित प्रवेश'. साधारण याच दिवसांत, किंवा थोडे आधी, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आटोपतो आणि ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे बीडकडच्या आपल्या गावांना परततात. दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर फडावर गेलेली मुले गावातल्या शाळेत पोचतात, तोवर वार्षिक परीक्षा दाराशी आलेली असते किंवा उरकलेली असते. मग लगेच सुट्टी लागते. ज्या मुलांनी वर्षभर शाळा पाहिली त्यांच्यासाठी मे महिन्यात आणखी दहा वर्ग उघडतात. ज्यांची शाळा हुकली, त्यांच्यासाठी मात्र होती ती शाळाही बंद होते.

हे आजचे चित्र एकाएकी उभे राहिलेले नाही. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या सुट्टीचा शिक्षणासाठी उपयोग करण्याची परंपरा दीडशे वर्षांची आहे. तिच्यात व्याख्यानमाला आहेत, आखाडे आहेत, कथामाला आहेत, बालनाट्ये आहेत, श्रमदानाच्या छावण्या आहेत. या सगळ्या उपक्रमांची नोंद त्या त्या संस्थांच्या स्मरणिकांत गौरवाने झालेली असते. पण सगळे एका रांगेत ठेवून पाहिले, की एक साधी गोष्ट ध्यानात येते. सुट्टी मुलांची असते, पण त्या सुट्टीत शिकवायला लागणारा वेळ मोठ्या माणसांचा असतो. कोणत्या काळी कोणत्या मोठ्या माणसांचा वेळ मोकळा होता, तो त्यांनी कोणाला दिला आणि कोणत्या छपराखाली दिला, यावर त्या त्या पिढीतल्या मुलांचा मे महिना ठरला. या लेखात त्या मोकळ्या वेळाचा माग काढायचा आहे.

सलग सुट्टीचा जन्म

आपल्याकडच्या जुन्या शिक्षणात उन्हाळ्याची लांब सुट्टी ही कल्पना ठळकपणे दिसत नाही. वेदपाठशाळेत अनध्याय असत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना, तसेच ग्रहणात किंवा अवेळी मेघगर्जना झाली तर अध्ययन बंद. म्हणजे सुट्टी महिन्याच्या अंगात ठिकठिकाणी विखुरलेली. पंतोजींच्या शाळेतही सणवार, घरची लग्नकार्ये आणि शेतीची निकड यांप्रमाणे पोरे येत आणि जात. पंतोजींचा चरितार्थच मुलांकडून येणाऱ्या धान्यावर आणि पैशांवर चाललेला असल्यामुळे सबंध महिनाभर शाळा मिटून बसणे त्यांनाही परवडणारे नव्हते.

वर्षाच्या एका ठरावीक टप्प्याला सगळ्या शाळा एकदम बंद आणि मग एकदम सुरू, ही रीत रुजली ती इंग्रजी अमलात. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. इयत्ता, परीक्षा, तपासनीस आणि वार्षिक अहवाल यांच्याबरोबर शाळेला एक छापील वर्षही मिळाले. तो काळ असा, की उन्हाळ्यात खुद्द गव्हर्नरांचा मुक्काम महाबळेश्वरी हलत असे आणि पावसाळ्यात पुण्यास. दिवाणी न्यायालयांनाही उन्हाळ्याची सुट्टी असे. राज्यकर्त्यांना न सोसणारा ऋतू हा एकूण कारभाराच्या विश्रांतीचा ऋतू ठरला आणि शाळा-कॉलेजे त्या वेळापत्रकात बसली.

याचा अर्थ उन्हाचे कारण खोटे होते असा नाही. पत्र्याच्या छपराखाली वैशाखात शिकणे म्हणजे काय, हे नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. आजही राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा विदर्भातल्या शाळांना काही दिवस उशिरा सुरू होण्याची सवलत असते, ती याच कारणाने. पण कारभाराची सोय आणि ऊन या दोन कारणांत मुलाने या महिना-दीड महिन्यात काय करावे, हा विचार कुठेच नव्हता. ती जागा रिकामीच होती. अमेरिकेतही असेच झाले. तिथली लांब उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामासाठी निघाली, असा सार्वत्रिक समज आहे. शिक्षणाच्या इतिहासकारांनी तो बराचसा खोडून काढला आहे. तापलेली शहरे आणि थंड हवेला जाणारी सुखवस्तू कुटुंबे यांचा त्या सुट्टीशी अधिक जवळचा संबंध आहे.

वकील, न्यायाधीश आणि प्राध्यापक

ही रिकामी जागा महाराष्ट्रात सर्वप्रथम पद्धतशीरपणे भरली ती प्रौढांसाठी. १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात होते. न्यायालये बंद, कॉलेजे बंद, परगावी नोकरीला असलेली सुशिक्षित मंडळी घरी आलेली. वक्तेही मोकळे आणि श्रोतेही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर इतिहास, अर्थव्यवहार, धर्म, समाजसुधारणा या विषयांवर व्याख्याने ऐकायची आणि त्यावर वाद घालायचे. नाव वसंताचे असले तरी तो सगळा मामला सुट्टीच्या गणितावर उभा होता, असे म्हणायला हरकत नाही.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराच्या काठी जॉन व्हिन्सेंट आणि लुईस मिलर यांनी रविवारच्या धर्मशाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा भरवला. त्याचे पुढे अख्ख्या कुटुंबाने येऊन राहायचे, व्याख्याने आणि संगीत ऐकायचे, मुलांना वेगळ्या वर्गात बसवायचे, असे एक उन्हाळी नगरच झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण फरक बोलका आहे. शटॉक्वाला कुटुंब सरोवराकाठी नेले गेले. पुण्यात व्याख्यान गावातच, चालत जाता येईल अशा अंतरावर आले. त्यामुळे ही कल्पना गावोगाव उचलता आली. मुंबईत दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी आणि राज्यातल्या कितीतरी गावांतल्या वाचनालयांनी पुढे आपापल्या व्याख्यानमाला उभ्या केल्या. बापाचे बोट धरून आलेले, अर्धे ऐकणारे आणि अर्धे पेंगणारे पोर हा या सभांचा बिनबोलावता श्रोता होता. अनेकांच्या आत्मचरित्रांत सार्वजनिक जीवनाची पहिली ओळख अशाच एखाद्या सभेतली असते.

सुट्टीचा दुसरा उपयोग याच वर्गाने केला तो संस्था उभारण्यासाठी. महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि सुट्टी लागली, की अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडत. १८९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुढे हिंगण्याला गेली आणि वाढली, त्यात कर्व्यांच्या सुट्ट्यांचा मोठा हिस्सा आहे. शिकवणाऱ्याची सुट्टी ही त्याची खाजगी मिळकत न मानता समाजाची ठेव मानण्याची वृत्ती इथे दिसते. तिचे कौतुक करताना एवढे लक्षात ठेवले पाहिजे, की असा पगारी मोकळा वेळ त्या काळी फार थोड्या, बहुतेक उच्चवर्णीय पुरुषांच्या वाट्याला आलेला होता.

शिक्षकच विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात सुट्टी व्याख्यानाच्या खुर्चीवरून मैदानावर उतरली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केले. मंडळाने १९२४ च्या सुमारास उन्हाळ्यात शारीरिक शिक्षणाचा वर्ग भरवायला सुरुवात केली. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. व्यायामाच्या उन्हाळी वर्गांना महाराष्ट्रात चांगले बाळसे आले ते या काळात.

अमरावतीच्या वर्गाची खुबी अशी, की त्यात शिकायला येणारे केवळ तालमीतले पोर नव्हते. सुट्टीमुळे मोकळे झालेले शाळाशिक्षक तिथे येत. मल्लखांब, लेझीम, लाठी, आसने, देशी खेळ आणि कवायत शिकून जूनमध्ये आपापल्या शाळेत परतत. एका शिक्षकाचा एक महिना पुढे कित्येक वर्षे एका अख्ख्या शाळेच्या मैदानावर उपयोगी पडे. मुलांना सुट्टीत शिकवण्याऐवजी त्यांच्या गुरुजींना सुट्टीत शिकवायचे, हा विचार आजच्या शिबिरांच्या गर्दीत हरवला आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा उन्हाळी वर्ग तेवढा ठाऊक नसतो.

मे महिना तरुणांच्या मनांवर घडण करण्याचाही महिना आहे, हे राजकीय आणि सामाजिक चळवळींनी तत्परतेने ओळखले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे उन्हाळी प्रशिक्षणवर्ग नागपुरात १९२० च्या दशकातच सुरू झाले. ४ जून १९४१ रोजी नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली शाखा, शिबिरे आणि कलापथके यांतून समाजवादी विचारांची पिढी घडवली. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्याच्या उन्हात शहरी तरुणांनी पहाटे उठून माती खणायची आणि दुपारी-संध्याकाळी देशातल्या प्रश्नांवर बोलायचे, असा तिचा क्रम. विचार एकमेकांच्या विरोधात असले, तरी या सर्वांची रचना सारखी होती. जागा उघडी किंवा उसनी घेतलेली, जेवण साधे, खर्च लोकवर्गणीतून आणि शिकवणारा स्वयंसेवक. घरची परिस्थिती बेताची म्हणून दारातून परत जावे लागावे, अशी ती शिबिरे नव्हती. मुलगा कोणत्या शिबिरात जाई हे मात्र बहुधा त्याच्या आळीवर आणि जातीवर ठरे.

मामाचे गाव नावाची शाळा

संस्थांचा इतिहास लिहिताना सर्वांत मोठे उन्हाळी शिबिर हमखास सुटते, कारण त्याला ना फलक होता, ना नोंदवही. मामाच्या किंवा आजोळच्या गावी जाणे हा मराठी कुटुंबातला रिवाज १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी.नंतर अधिकच सुकर झाला. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून विहिरीत ढकलले, की पोर आठवडाभरात पोहायला शिके. कुरडयांचा चीक कधी उतरवायचा, सांडगे किती उन्हात ठेवायचे, आढीतला कोणता आंबा आज काढायचा, करवंदाची जाळी कुठे, नागाचे बीळ कुठे, हे ज्ञान कोणी 'शिकवीत' नसे. ते आजी-आजोबा, मामा-मावश्या आणि गडीमाणसे यांच्या सोबतीने अंगात मुरे.

हे सारे आपण आज हळवे होऊन आठवतो. त्यात दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे मामाच्या गावी जमीन-विहीर असणे हे सगळ्यांच्या नशिबी नव्हते. सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांना पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांनी पोहणे कुठे शिकायचे? दुसरे म्हणजे, सुट्टीतले वाळवण, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि पाहुण्यांची उठबस यांत मुलींचा महिना जाई. मुलगे विहिरीवर, मुली अंगणात कावळे हाकत, अशी ही विभागणी होती. तरीही या व्यवस्थेचे एक बळ मान्य केले पाहिजे. एका मुलामागे सवड असलेली पाच-सहा मोठी माणसे तिथे असत. पुढे एकत्र कुटुंब आटले, आई आणि वडील दोघेही नोकरीला लागले, गावचे घर वाटण्यांत गेले, तेव्हा मुलांजवळून सर्वांत आधी ही माणसे गेली.

गोष्ट आणि नाटक

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शहरी मुलांच्या सुट्टीला जे दोन सुंदर अवयव फुटले, ते गोष्टीचे आणि नाटकाचे. जून १९५० मध्ये साने गुरुजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये साने गुरुजी कथामाला सुरू झाली. अमळनेरच्या शाळेत शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय' काढणाऱ्या गुरुजींचे याहून नेमके स्मारक झाले नसते. कथामालेला लागे एक ओटा, एक सांगणारा आणि ऐकणारी पोरे. सांगणारे बहुतेक शाळामास्तर किंवा निवृत्त माणसे. आठवड्याच्या सुट्टीत चालणारे हे काम मोठ्या सुट्टीत अधिक फुले.

नाटकाला अधिक साधने लागतात. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने बालरंगभूमीचे काम सुरू केले. अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून आलेल्या या बाईंनी रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' थाटात रंगमंचावर आणले. मुलांसाठी म्हणजे कसेतरी, हा समज त्या प्रयोगाने मोडला. १९६२ मध्ये मतकरींनी प्रतिभा मतकरी यांच्या सोबतीने 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही नावे त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहेत. मे आणि दिवाळी हे बालनाट्याचे हंगाम ठरले. सुलभा देशपांडे या छबिलदास शाळेतल्या शिक्षिका. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला' या मुलांच्या विभागातून त्यांनी 'दुर्गा झाली गौरी'सारखे नृत्यनाट्य उभे केले, ज्यात एकाच वेळी कितीतरी मुले रंगमंचावर असत. त्याच शाळेचे सभागृह १९७४ पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांसाठी वापरले आणि मराठी रंगभूमीचा इतिहास बदलला. शाळेची वेळ संपल्यावर दाराची किल्ली बाहेरच्या माणसांच्या हाती देण्याची तयारी कोणीतरी दाखवली, म्हणून हे घडले.

पुण्यात आयुकाने हेच सूत्र विज्ञानात वापरले. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभारलेल्या या संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना आठवडाभर बोलावून एकेका शास्त्रज्ञाच्या हाती सोपवले जाई. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. मुलांनी आपल्या मार्गदर्शकाबरोबर काहीतरी शोधायचे आणि शेवटी केलेले काम लिहून द्यायचे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. ज्याच्या वेळेला जागतिक मोल आहे, अशा माणसाने तो मुलांना देणे याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे कोणत्याही शुल्कात मोजता येत नाही.

ज्यांना सुट्टीच नव्हती

आतापर्यंतच्या सगळ्या कथेत मूल शाळेत जाते, हे गृहीत आहे. ते गृहीत ज्यांनी तपासले त्यांत ताराबाई मोडक पहिल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द आणि त्यामागची कल्पना तिथली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे जिथे चरतात तिथे शाळा.

कोसबाडचे काम उन्हाळी शिबिराचे नाही. तरी सुट्टीचा विचार करताना ते टाळून पुढे जाता येत नाही, कारण त्याने प्रश्न उलटा करून विचारला. मुलाच्या आयुष्यात शाळेच्या वर्षाप्रमाणे सुट्टी येते का? गुराख्याला मे महिन्यात सुट्टी नसते. ऊसतोड कामगाराच्या मुलीला शाळेचे महिने फडावर घालवावे लागतात आणि सुट्टीचे महिने गावात मिळतात. विटभट्टीवरच्या मुलाचे काम पावसाला थांबते, तेव्हा शाळा नुकती सुरू झालेली असते. छापील वर्षाबाहेर जगणाऱ्या या मुलांसाठी उन्हाळी शिक्षण ही चैनीची पुरवणी नाही. काहींच्या बाबतीत वर्षातली तीच एक संधी आहे.

मतकरींच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नाट्यगृहात तिकीट काढून येणाऱ्या मुलांसाठी पन्नास वर्षे लिहिल्यावर, २०१४ साली त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. झोपडवस्त्यांतल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका रचायच्या आणि स्वतःच सादर करायच्या. राक्षस आणि चेटकीण यांच्या जागी नळावरचे भांडण, दारूडा बाप आणि सुटलेली शाळा आली. मे २०२० मध्ये मतकरी गेले, पण बालनाट्याचे दार कोणत्या दिशेला उघडायला हवे हे त्यांनी दाखवून ठेवले.

शुल्क आले ते कशाच्या जागी

१९९० नंतर शिबिरांचा बाजार झाला, अशी तक्रार नेहमी होते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. बाजार रिकाम्या जागेत शिरतो. या काळात सवड असलेली माणसेच कमी झाली. आजोळ आटले, हे वर आलेच. शाळाशिक्षकाची सुट्टीही पूर्वीसारखी राहिली नाही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका, मतदारयाद्या आणि लोकसभा निवडणुका बहुधा उन्हाळ्यातच येतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावण्यास मनाई केली, तरी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका हे अपवाद त्याच कलमात ठेवले. शिवाय विनाअनुदानित शाळेतल्या तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाने मे महिना फुकट द्यावा, ही अपेक्षा करायची तरी कोणत्या तोंडाने? कर्व्यांच्या सुट्टीला पगाराचा आधार होता. ज्याला तो नाही, त्याने शिबिर घेऊन चार पैसे मिळवले, तर त्याला दोष देता येत नाही.

दोष देता येईल तो दुसऱ्या गोष्टीला. मैदाने आणि सभागृहे ही सार्वजनिक मालमत्ता सुट्टीत एक तर कुलूपबंद राहू लागली किंवा भाड्याने जाऊ लागली. कथामालेला ओटा मिळत होता, आज सोसायटीच्या आवारात जमलेल्या पोरांना पहारेकरी हुसकावतो. वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी विकत घ्याव्या लागल्या, की शिबिराचे शुल्क आपोआप चढते.

याचा परिणाम मोजण्याचा प्रयत्न परदेशात झाला आहे. बार्बरा हेन्स यांनी १९७८ मध्ये अटलांटा शहरातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेच्या महिन्यांपेक्षा सुट्टीच्या महिन्यांत गरीब आणि सुस्थित मुलांमधले अंतर अधिक वाढते, असे दिसले. बाल्टिमोरमध्ये १९८२ साली पहिलीत असलेल्या सुमारे ८०० मुलांचा कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी वर्षानुवर्षे माग ठेवला. नववीत दिसणाऱ्या तफावतीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या काळातल्या उन्हाळ्यांत पडलेला होता, असा त्यांचा निष्कर्ष. चाचण्यांच्या मोजणीवरून या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले आणि तो वाद मिटलेला नाही. पण सुट्टी सर्वांना सारखी लागू असली, तरी सर्वांना सारखी मिळत नाही, एवढे तर आपल्याला डोळ्यांनीच दिसते.

आपल्या जवळचा पुरावा अधिक उपयोगी आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने २००८ च्या उन्हाळ्यात बिहार सरकारबरोबर महिनाभराची वाचन-शिबिरे घेतली. शिकवणारे सरकारी शाळेतलेच शिक्षक होते, त्यांना स्वयंसेवकांची जोड होती. काम एवढेच, की मूल कोणत्या इयत्तेत आहे हे विसरून त्याला आज जे वाचता येते तिथून पुढे न्यायचे. तज्ज्ञांनी केलेल्या मोजणीत असे दिसले, की एवढ्याशा अवधीत मुलांचे वाचन सुधारले आणि दोन वर्षांनंतरही त्या सुधारणेचा अंश टिकून होता. तेच शिक्षक इतर वेळी, पाठ्यपुस्तक पुरे करण्याच्या घाईत, हा परिणाम साधू शकत नव्हते. म्हणजे सुट्टीतल्या शिक्षकाला जे मोकळेपण मिळाले, तेही या यशाचे एक कारण होते.

महाराष्ट्रात करोनानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे भरले आणि वस्तीवस्तीत मातांचे गट तयार झाले. वाटाणे मोजणे, पाने आकारांप्रमाणे लावणे, गोष्ट सांगणे असली कामे आयांनी घरी करून घ्यायची होती. ज्यांची स्वतःची शाळा चौथी-पाचवीत सुटली, अशाही बायका या गटांत होत्या. रानड्यांच्या व्याख्यानमालेपासून दीडशे वर्षांनी सुट्टीतल्या शिक्षणाचे काम वकील-प्राध्यापकांकडून त्यांच्याकडे आले. मात्र याला त्यांच्या मोकळ्या वेळाचे दान म्हणताना सावध राहिले पाहिजे. त्या बायांचा वेळ मोकळा नाही. मजुरी, पाणी आणि चूल यांतून तो काढलेला आहे. मानधनाचा, पाळणाघराचा आणि पुस्तकांचा विचार न करता हे ओझे त्यांच्यावर टाकत गेलो, तर चांगली योजना त्यांच्या आणखी एका बिनपगारी कामात जमा होईल.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती आहेत, निवृत्त शिक्षकांची आणि परीक्षा आटोपलेल्या कॉलेजच्या मुलामुलींची संख्या थोडी नाही. मे महिन्यात सकाळी ७ ते १० शाळेची एक खोली उघडी ठेवणे, किल्ली कोणाकडे राहील आणि माठात पाणी कोण भरेल हे ग्रामसभेत ठरवणे, गोष्टीची पन्नास पुस्तके ग्रंथालयातून महिन्यापुरती आणून ठेवणे आणि बसणाऱ्या माणसाला थोडेसे मानधन देणे, एवढ्यावर पुष्कळ होण्यासारखे आहे. ऊसतोडणीहून परतणारी मुले ज्या गावांत येतात, तिथून ही सुरुवात व्हावी. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, आणि ती मुले परत येतील तेव्हा कोणती खोली उघडी असेल, हे ठरवायला आपल्या हाती पाच-सहा महिने असतात.